हॉटेलातील एक तिसरा प्रहर

वयाची सहासष्ट वर्षे पुरी होईपर्यंत आम्ही कोणत्याही पानगृहाचा उंबरठा ओलांडला नव्हता, आणि ह्यात आपण काही मोठा पुरुषार्थ केला असेही आम्हांस कधी वाटले नाही. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी आमचे आयुष्य गेले. पाठशाळेतले संस्कृत, जुन्या अकरावीची मॅट्रिक, आणि मग छत्तीस वर्षे शाळेत मुलांकडून शब्द चालवून घेणे व समास सोडवून घेणे. एवढ्यात नवे उंबरठे ओलांडण्यास सवड कोठून मिळावी? आमच्या गावी 'हॉटेल' म्हणजे मिसळ आणि भजी मिळण्याची जागा. तेथेही आम्ही शाळेच्या तपासणीस आलेल्या साहेबांच्या सोबतीनेच काय ते गेलो असू. अशा आम्हांस गेल्या श्रावणात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात एक तिसरा प्रहर काढावा लागला, आणि तोही पुतणीच्या लग्नाच्या बोलण्यासाठी!

पुतणी आमच्या दिवंगत धाकट्या बंधूची. बंधू २००५ साली वारला तेव्हा ती आठ वर्षांची होती. तेव्हापासून ती, तिची आई आणि आम्ही उभयता एकाच घरात, एकाच चुलीवर आहोत. मुलगी शिकली, मुंबईस नोकरीस लागली, आणि तेथेच तिने आपला जोडीदारही पाहून ठेवला. मुलगा आपल्यातलाच, सुविद्य, घरचे लोक पार्ल्याचे. तेव्हा नाही म्हणण्यासारखे काही नव्हतेच. वडील माणसांनी एकदा समोरासमोर बसावे एवढेच राहिले होते. आम्ही रीतीप्रमाणे त्यांस घरी येण्याचे आमंत्रण दिले. त्यावर मुलाच्या मातोश्रींचा निरोप आला, की एवढ्या लांबचा प्रवास त्यांच्या गुडघ्यांस झेपणार नाही. शिवाय पोहे, तबक आणि मान खाली घालून बसलेली मुलगी हा प्रकार त्यांस पसंत नाही. तरी सर्वांनी ताजमहालच्या सी लाउंजमध्ये चहास भेटावे.

"लाउंज म्हणजे काय हो?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारले.

आम्ही कोश काढला. ऐसपैस रेलून बसण्याची जागा, असा अर्थ निघाला. "म्हणजे आपली ओसरीच की!" असे म्हणून त्या लाडू वळावयास गेल्या. आमच्या भावजयीने मात्र दाराशी उभ्या उभ्या दुसराच प्रश्न केला. "भाऊजी, तिथं बारही असतो ना?" असतो, असे आम्ही सांगितले. ती आणखी काही बोलली नाही, आणि तिच्या प्रश्नाचा रोख त्या वेळी आमच्या ध्यानात आला नाही असेही नाही.

आता ह्या हॉटेलासंबंधी चार शब्द. जमशेटजी टाटांनी ते बांधविले आणि १६ डिसेंबर १९०३ रोजी ते उघडले. पुढे पाच महिन्यांतच, मे १९०४ मध्ये, शेटजी परदेशी वारले. एका इंग्रजी हॉटेलात त्यांस काळे म्हणून मज्जाव झाला आणि त्या रागाने त्यांनी हे उभारले, अशी एक कथा सर्वांच्या तोंडी आहे. परंतु इतिहास जाणणारे तिच्याविषयी साशंक आहेत, आणि आम्हांसही वाटते की एवढी मोठी वास्तू केवळ रागाच्या बळावर उभी राहत नसते. आपल्या वाचकांस अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, की तिचा आराखडा ज्या दोघांनी केला त्यांत एक सीताराम खंडेराव वैद्य हे होते व दुसरे डी. एन. मिर्झा. वैद्यांचे काम पुरे होण्यापूर्वीच निधन झाले, आणि चेंबर्स नामक इंग्रज स्थपतीने ते तडीस नेले. हॉटेलाचे तोंड चुकून उलट्या बाजूस बांधले गेले व त्या दुःखाने स्थपतीने प्राण दिला, ही दंतकथा आम्ही शाळेत असल्यापासून ऐकत आलो. तिच्यात तथ्य नाही. मूळचा दरवाजा शहराच्या बाजूस, जेथे घोडागाड्या येत तेथेच मुद्दाम ठेवलेला होता. गेटवे ऑफ इंडिया त्या वेळी नव्हतेच. ते १९२४ साली पुरे झाले. पहिल्या महायुद्धात ह्याच हॉटेलाचे सहाशे खाटांचे रुग्णालय झाले होते. आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीपासून पुढे तीन दिवस काय घडले ते आपण सर्वांनी घरोघरी पडद्यावर पाहिलेच आहे. जुन्या भागाला लागलेली ती आग आमच्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. जळालेला तो भाग दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडला.

एस. टी. वेळेच्या आधी पोहोचण्याचा प्रसंग आमच्या आयुष्यात फार थोड्या वेळा आला. त्यांपैकी हा एक. त्यामुळे ठरल्या वेळेआधी पाऊण तास आम्ही त्या दारी हजर झालो. दाराशी सामान यंत्रातून जाते. सौभाग्यवतींचा लाडवांचा डबा त्या यंत्रात गेला तेव्हा पलीकडे बसलेल्या तरुणाने पडद्यावरील त्या वाटोळ्या आकृत्यांकडे क्षणभर निरखून पाहिले. "बेसनाचे आहेत," असे ह्यांनी त्यास आपण होऊन सांगितले. तो हसला, आणि पहिल्या भीतीचे ओझे उतरले. आत गार हवा, फुलांचा वास, आणि पाऊल टाकले तर आपलेच पाऊल आपल्यास ऐकू येऊ नये असे गालिचे. मोठ्या जिन्याच्या पायथ्याशी जमशेटजींचा अर्धपुतळा आहे. पुतणी कचेरीतून परस्पर यावयाची होती. स्त्रिया एका कोचावर टेकल्या आणि आम्ही हातपाय धुण्याची जागा शोधीत निघालो.

ती जागा सापडली. परंतु परतताना वाट चुकली, आणि आम्ही एका दाराशी येऊन उभे राहिलो. वर 'हार्बर बार' अशी अक्षरे होती.

वाचकहो, आम्ही परत फिरलो नाही. का फिरलो नाही ते पुढे सांगणारच आहोत. दाराशी उभ्या असलेल्या मुलाने "नमस्कार, या ना," असे शुद्ध मराठीत म्हटले. बोलण्याच्या हेलावरून तो रत्नागिरीकडचा असावा. आम्ही धोतर, कोट आणि टोपी अशा वेषात होतो; आमच्याकडे पाहून त्याने हसू दाबले असेल तर ते चांगले दाबले. "आम्ही काही घेणार नाही, नुसते पाहावयाचे आहे," असे सांगताच तो म्हणाला, "पाहा की सर, तेवढ्यासाठीही पुष्कळ लोक येतात." आम्ही मास्तर आहोत हे त्यास कसे समजले कोण जाणे.

आमच्या मनात 'बार' ह्या शब्दाचे जे चित्र होते त्यात आरडाओरडा होता, ओशट मेजे होती, काचा फुटण्याचा आवाज होता. येथे तसे काहीच नव्हते. खोली बेताच्या आकाराची, दुपार असल्यामुळे जवळजवळ रिकामी. उंच फळी, तिच्यामागे बाटल्यांच्या ओळी, आणि त्यांवर पडलेला मंद उजेड. दुरून पाहता एखाद्या वैद्याच्या औषधालयाची आठवण व्हावी. खिडकीबाहेर पावसात भिजणारे गेटवे आणि त्यापलीकडे राखाडी समुद्र. कोपऱ्यात एक वृद्ध पारशी गृहस्थ वर्तमानपत्र वाचीत बसले होते आणि त्यांच्यापुढील पेल्यास त्यांनी आमच्यादेखत एकदाही हात लावला नाही. त्या मुलाने सांगितले की हा बार १९३३ सालचा, मुंबईतला पहिला परवान्याचा बार म्हणून ओळखला जाणारा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेतील दारूबंदी उठली. सांगतात, की बंदरात नाव लागलेल्या एका अमेरिकन माणसास ती वार्ता येथे समजली, तेव्हा त्याच्यासाठी जे पेय तयार केले तेच अजून 'फ्रॉम द हार्बर सिन्स १९३३' ह्या नावाने मिळते, आणि ते देताना त्यावर ज्योत पेटवितात. आम्ही किमतीच्या यादीवर ओझरती नजर टाकली. एका पेल्याची किंमत आमच्या १९८१ सालच्या पहिल्या पगाराहून अधिक होती.

संस्कृत शिकलेल्या मनुष्यास एक खोड असते. नवे काही दिसले की त्याचे जुने मूळ त्यास आठवू लागते. त्या खोलीत उभे असताना आम्हांस कौटिल्य आठवला. अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. पानगृहे कशी बांधावी, तर त्यांत अनेक दालने असावी, निजण्याबसण्याच्या जागा निरनिराळ्या असाव्या, गंध, माळा आणि पाणी असावे, आणि प्रत्येक ऋतूत तेथे सुख वाटावे, असे तो मुनी सांगतो. म्हणजे गार हवेचे यंत्र सोडले तर ह्या हॉटेलाने त्याचीच आज्ञा पाळली आहे. परंतु कौटिल्य तेवढ्यावर थांबत नाही. ऐपतीबाहेर खर्च करणारा कोण, हे टिपण्यास तेथे हेर ठेवावे. झिंगलेल्या गिऱ्हाइकाचे द्रव्य वा दागिना गेल्यास तो दुकानदाराने भरून द्यावा. ज्याची चालचलणूक ठाऊक आहे त्यासच, आणि तेही मोजकेच, द्यावे. माणसास मद्य आवडते ह्याचा त्यास विषाद नाही. त्याचे लक्ष आहे ते झिंगलेल्या माणसाच्या घरी काय होते इकडे, निदान त्याच्या गाठोड्याचे काय होते इकडे.

आमच्या काळातील सरकारने निराळा मार्ग धरला. १९३९ च्या ऑगस्टात मुंबई शहरात दारूबंदी झाली ती फार टिकली नाही. पुढे १९४९ चा कायदा झाला आणि १९५० पासून सबंध इलाख्यात बंदी आली. मग प्रकृतीस अवश्य म्हणून डाक्टरांचे प्रशस्तिपत्र मिळवावे, परवाना काढावा, आणि ठराविक खोलीत बसून प्यावे, असा प्रकार सुरू झाला. बंदी सैल झाली, पण 'परमिट रूम' हे नाव पाट्यांवर राहिले. कायद्याच्या पोथीत पिणाऱ्यास परवाना आजही लागतो. तो विचारतो कोण, ही गोष्ट अलाहिदा. पुण्यात १९०८ साली दारूच्या दुकानांपुढे सभ्य घरचे लोक पहारे करीत उभे राहिले, आणि १९१९ साली गडकऱ्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले. त्या नाटकावर आमच्या घरची तिसरी पिढी रडली आहे. आमच्या वडिलांचा ते नाटक म्हणजे जीव की प्राण होता. ते पाहून आल्यावर ते आम्हां दोघां भावांस समोर बसवून सगळी कथा सांगत, आणि बंधू हुंदके देऊन रडे. आमच्या डोळ्यांस पाणी येत नसे. हे त्या वेळी आम्ही आपल्या मनाचे सामर्थ्य समजत होतो.

आता त्या बाराच्या दारातून आम्ही परत का फिरलो नाही ते सांगतो. बंधू पदवीधर होऊन १९८५ साली मुंबईस एका पेढीत लागला. पुढील वर्षी दिवाळीस घरी आला तेव्हा त्याने खिशातून एक काडेपेटी काढून आम्हांस दाखविली. तिच्यावर ह्या हॉटेलाचे चिन्ह होते. साहेबांनी बढतीच्या निमित्ताने सर्वांस तेथे नेले होते. "दादा, काय खोली आहे! खिडकीतनं समुद्र दिसतो. मी नुसतं सरबत घेतलं, पण बसलो दोन तास." तेवीस वर्षांचा पोर तो, आनंद गळ्यापर्यंत आलेला. आम्ही विचारले, ती जागा कसली? तो म्हणाला, बार. आम्ही त्याच्या हातातून ती काडेपेटी घेतली आणि पाणी तापत होते त्या बंबात टाकली. नरकचतुर्दशीची पहाट होती. "ह्या विषयाचा एक शब्दही ह्या घरात पुन्हा निघता कामा नये," असे आम्ही त्यास बजाविले.

त्याने ती आज्ञा पाळली. एकोणीस वर्षे त्याने त्या विषयाचा एक शब्द आमच्यापाशी काढला नाही. तो ह्या हॉटेलात पुन्हा कधी गेला असेल असे आम्हांस वाटत नाही. त्यास ते परवडणारेही नव्हते. तो पुढे जेथे जाऊ लागला त्या जागा स्टेशनच्या आसपासच्या होत्या, आणि त्यांच्या खिडकीतून काही दिसत नसावे. तो घरी येई तेव्हा वेलदोडा चघळीत येई. आमच्या भावजयीस ठाऊक होते. आमच्या सौभाग्यवतींस अंदाज होता. आम्हांस ठाऊक नव्हते असे आम्ही आतापर्यंत म्हणत आलो. पण वेलदोड्याचा वास आम्हांसही येत होताच. यकृत निकामी होऊन तो रुग्णालयात पडला तेव्हा डाक्टरांनी आम्हांस बाजूस बोलावून जे सांगितले ते ऐकून आम्ही घरी येऊन सर्वांस एकच शब्द सांगितला : कावीळ. तेराव्यास आलेल्यांनाही कावीळ, शाळेत कावीळ, आठ वर्षांच्या पोरीसही कावीळ. भावजयीने तो शब्द आमच्या तोंडून घेतला आणि वीस वर्षे सांभाळला.

बाराच्या फळीपाशी आम्ही किती वेळ उभे होतो ह्याचे भान राहिले नाही. चाळीस वर्षांत तेथील सामानसुमान बदलले असणारच, पण खिडकी होती आणि समुद्रही होता. त्या मुलाने न मागता एका पेल्यात थंड पाणी आणून दिले. आम्ही ते प्यालो. त्यास धन्यवाद देऊन, विचारीत विचारीत जिन्यापाशी आलो, तो पुतणी येऊन पोहोचली होती आणि "मोठे काका हरवले" म्हणून हसत होती.

सी लाउंज पहिल्या मजल्यावर आहे. खालची खोली जितकी मंद, तितकी ही उजळ. समुद्राच्या बाजूने खिडक्यांची रांग, खिडकीशी दोघांचौघांची मेजे, आणि एका बाजूस पियानो. मुंबईतील पारशी आणि गुजराती घराण्यांतील मुले-मुली एकमेकांस दाखविण्याची ही जुनी प्रसिद्ध जागा आहे, असे मुलाच्या वडिलांनी सांगितले. आम्ही आजूबाजूस पाहिले, तर खरेच दोन मेजांवर आमच्यासारखाच प्रकार चालू असावा. तरुण माणसे खिडकीबाहेर पाहात होती आणि वडील माणसे परस्परांकडे. चहाबरोबर पुष्कळ प्रकार येतात. आमच्या सौभाग्यवतींनी केकांच्या तबकाकडे साशंक दृष्टीने पाहिले, पण शेजारीच भेळ आणि शेवपुरी दिसल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. चौपाटीवर द्रोणात मिळणारी भेळ ती चिनी मातीच्या वाटीत आली, की तिचे मोल किती पटींनी वाढते, ह्याचे त्रैराशिक आम्ही मनात मांडले आणि सोडून दिले. बिल मुलाकडचे देणार होते.

माणसे भली होती. मुलाचे वडील बँकेतून निवृत्त झालेले, बोलके, गाण्याचे शौकीन. पियानोवाला वाजवीत होता त्यावरून विषय निघाला. त्यांनी सांगितले, की एके काळी ह्या हॉटेलाच्या नाचघरात जॅझचे मोठमोठे वादक येत, १९३५ च्या सुमारास तर अमेरिकेतून निग्रो वादकांचे ताफे आले होते. आणि पुढे गोव्याचा एक ट्रम्पेटवाला, आंतोनियो वाझ, येथे 'चिक चॉकलेट' ह्या नावाने गाजला. तोच दिवसा सिनेमाच्या संगीतात काम करी. आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, ह्यांनी १९५१ च्या 'अलबेला'त जो निराळाच ठेका आणला त्यामागे ह्या माणसाचा हात होता. हे ऐकून आम्ही चकित झालो. 'अलबेला'ची गाणी आमचा बंधू आंघोळ करताना गात असे आणि सोवळ्यातल्या आमच्या आजीदेखील त्या ठेक्यावर माळ ओढीत. ते सूर ह्या छताखालून आमच्या न्हाणीघरापर्यंत आले होते, आणि आम्हांस त्याची खबरही नव्हती.

बंधूचे नाव त्या ओघात निघाले, आणि मुलाच्या मातोश्रींनी अगदी सहज, मायेनेच विचारले, "फार लवकर गेले हो ते. कशानं गेले?"

भावजयीने पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "कावीळ."

"दारूने गेला," आम्ही म्हणालो.

हे शब्द आमच्या तोंडून कसे निघाले हे आम्हांस आजही नीट सांगता येत नाही. ठरवून आलो नव्हतो. शाळेत छत्तीस वर्षे मुलांस खरे बोलावयास शिकविले म्हणून म्हणावे, तर वीस वर्षे आम्ही सुखाने खोटे बोलत आलोच होतो. भावजयीने आमच्याकडे पाहिले नाही. ती खिडकीकडे पाहू लागली. सौभाग्यवतींचा हात पदराशी गेला. पियानो मात्र चालूच होता. मुलाच्या वडिलांनी चमचा बशीत हळूच ठेवला.

आणि मग तो मुलगा म्हणाला, "मला माहीत आहे, काका. हिनं मला वर्षापूर्वीच सांगितलंय."

आम्ही पुतणीकडे पाहिले. "मी अकरावीत असताना बाबांचे कागद कपाटात सापडले होते," ती म्हणाली. म्हणजे बारा वर्षे तिने आमच्याकडून ते लपविले, आणि आम्ही तिच्यापासून लपवीत होतो, एकाच चुलीवर!

ह्यापुढे गोष्ट सुरळीत झाली असे वाचकांनी समजू नये. मुलाच्या मातोश्रींचा चेहरा उतरला तो आमच्या बोलण्याने नव्हे. "तुला वर्षभर ठाऊक होतं आणि आम्हाला सांगितलं नाहीस?" असे त्यांनी मुलास विचारले. मुलगा म्हणाला, "आई, ते सांगायचं ते हिनं किंवा हिच्या आईनं, मी कसं सांगणार?" त्यावर त्या गप्प झाल्या. वडिलांनी विषय बदलला, लाडवांची तारीफ केली, पाऊस थांबल्याचे सर्वांस दाखविले. जिना उतरताना त्यांनी आमचा हात धरला आणि "मास्तर, आठ दिवसांत कळवतो," एवढेच म्हणाले. आठ दिवस म्हटल्यावर मुलीच्या बाजूचे लोक काय समजतात हे सांगावयास नको.

परतीच्या गाडीत भावजय आमच्याशी बोलली नाही. घरी आल्यावरही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी देवपूजा आटोपून आम्ही उठलो तेव्हा ती देवघराच्या दाराशी उभी होती.

"वीस वर्षं मी तो शब्द सांभाळला," ती म्हणाली. "तुम्हीच दिला होता मला. परत घ्यायचा होता, तर आधी मला विचारायचं होतं, भाऊजी."

आमच्यापाशी उत्तर नव्हते. चुकलो, असे आम्ही म्हणालो. ह्या घरात आम्ही वडीलपणाने वावरल्याला चाळीस वर्षे होत आली. हा शब्द आमच्या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण ती थोडी गोंधळली. मग आम्ही तिला त्या काडेपेटीची गोष्ट सांगितली. ती तिला ठाऊक होती. बंधूने लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितली होती, आणि हसत सांगितली होती म्हणे.

नवव्या दिवशी मुलाच्या वडिलांचा फोन आला. मार्गशीर्षातला मुहूर्त काढावा, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या सौभाग्यवतींस भावजयीशी स्वतंत्र बोलावयाचे होते. त्या दोघी अर्धा तास बोलल्या. काय बोलल्या ते भावजयीने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

त्या रात्री जेवणे झाल्यावर आम्ही ओसरीवर बसलो होतो. भावजय सुपारीचे तबक घेऊन आली, ते ठेवले, पण आत गेली नाही.

"तुम्ही त्या दिवशी वाट चुकून कुठं गेला होता?" तिने विचारले. "बारात ना?"

आम्ही हो म्हटले.

"कसा आहे तो? ह्यांनी मला एकदा नेईन म्हटलं होतं. नुसतं सरबत प्यायला."

मग आम्ही तिला सगळे सांगितले. ती फळी, बाटल्यांवरचा उजेड, वर्तमानपत्र वाचणारे पारशी गृहस्थ, पाणी आणून देणारा रत्नागिरीचा मुलगा. ती उंबरठ्यावर टेकून ऐकत होती.

"आणि खिडकीतनं समुद्र दिसतो?"

"दिसतो," आम्ही म्हणालो.